भिंत खरी होती, पण हसू तिच्या वजनाचं नव्हतं

कोसळणाऱ्या भिंतीखाली उभा राहिलेला माणूस, घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा चष्मेवाला, मजल्याच्या कडेशी स्केटिंग करणारा भटक्या. मूकपटांतले असे तुकडे जोडलेला व्हिडिओ अधूनमधून फिरत येतो आणि सोबतचा मजकूर ठरलेला असतो. तेव्हा ट्रिक नव्हत्या, डमी नव्हते, जे दिसतं ते सगळं खरं. आवाज नव्हता म्हणून या लोकांना हातवारे करावे लागले आणि जिवावर उदार होऊन त्यांनी जगाला हसवलं, असा त्याचा आशय.

भावना चांगली आहे. पण यातला एकही दावा धड टिकत नाही. शिवाय एवढं कौतुक करताना जे खरोखर कौतुकाचं आहे, ते बाजूलाच राहतं.

ट्रिक नव्हत्या म्हणे. ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये (१९३६) डोळ्यांवर पट्टी बांधलेला चॅप्लिन स्केटिंग करत कठडा नसलेल्या मजल्याच्या अगदी काठाशी जातो. काठाखालचा तो खोल भाग काचेवर रंगवलेला आहे. कॅमेऱ्यासमोर काच धरायची, तिच्यावरचं चित्र आणि मागचा सेट नेमका जुळवायचा, झालं. १९२१च्या ‘द प्लेहाउस’मध्ये एकाच चौकटीत विनोदी नट बस्टर कीटन नऊ वेळा दिसतो. त्यासाठी भिंगाचा एकेक भाग उघडायचा, फिल्म मागे घ्यायची, पुन्हा चालवायची. आणि कॅमेरा हाताने फिरवायचा असल्यामुळे दर वेळी वेगही तोच ठेवायचा. कॅमेरामन एल्जिन लेसलीचं नाव त्या व्हिडिओवाल्यांच्या गावीही नसतं.

घड्याळाचं दृश्य ‘सेफ्टी लास्ट’मधलं (१९२३). चष्मेवाला विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड ज्या भिंतीवर लटकतो, ती खऱ्या इमारतीच्या गच्चीवर उभारलेला सेट आहे. कॅमेऱ्याचा कोन असा धरलाय की मधली गच्ची दिसू नये, थेट खालचा रस्ताच दिसावा. खाली गाद्यांचं मचाण होतं.

डमींचंही तसंच. त्याच चित्रपटात दूरवरून दिसणारी चढाई बिल स्ट्रॉदरची आहे, लॉइडची नाही. कीटन बहुतेक वेळा स्वतःच पडायचा. ‘शेरलॉक ज्युनियर’मध्ये (१९२४) तर तो दुसऱ्या नटाच्या जागी मोटारसायकलवरून पडला. पण ‘कॉलेज’मध्ये (१९२७) बांबूच्या आधारे खिडकीतून आत झेपावणारा माणूस कीटन नव्हे, तो १९२४च्या ऑलिंपिकचा पोल व्हॉल्ट विजेता ली बार्न्स. यात कमीपणा कसला? उडी नीट दिसायला हवी होती, म्हणून उडी येणारा माणूस आणला.

आता मुख्य मुद्दा: धोका होता म्हणून हसू आलं. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मधली (१९२८) कीटनवर कोसळणारी भिंत खरीच जड होती, दोनेक टनांची, आणि पोटमाळ्याच्या ज्या उघड्या खिडकीमुळे तो वाचतो, तिला त्याच्या अंगाभोवती काही इंचांचीच मोकळीक होती. हे सगळं कबूल. पण हीच कल्पना १९१९च्या ‘बॅक स्टेज’मध्ये आहे. तिथे नाटकाचा हलका पडदा पडतो आणि त्याची खिडकी बरोबर विनोदी नट रॉस्को आर्बकलवरून जाते. पडद्याने कोणाला फार तर टेंगूळ आलं असतं. तरीही लोक हसले, कारण विनोद खिडकीत आहे. एवढ्या मोठ्या भिंतीत एकच भोक, आणि माणूस त्याला ठाऊक नसताना नेमका त्याच्याखाली. कीटन वर बघत असता, अंग चोरत असता, तर तेच दृश्य नुसती सर्कस झालं असतं.

दुसरा पुरावा खुद्द कीटनच्या मानेचा. ‘शेरलॉक ज्युनियर’मध्ये पाण्याच्या टाकीच्या नळाचा लोट अंगावर येऊन तो रुळावर आपटला आणि मानेचं हाड मोडलं. हे त्याला कळलं कित्येक वर्षांनी, एक्स-रे काढल्यावर. म्हणजे १९२४ साली हसणाऱ्या प्रेक्षकाला ती दुखापत माहीत असणं शक्यच नव्हतं. लॉइडचं तर उलटच. १९१९मध्ये एका बॉम्बच्या स्फोटात त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली. पुढे चित्रपटांत तो खास हातमोजा घालून ते झाकायचा. लोकांनी हाताकडे बघून हळहळावं, हे विनोदी नटाला परवडत नाही.

आणि जिथे धोक्याचा मागमूस नाही, तिथलं काय? ‘द आयडल क्लास’मध्ये (१९२१) चॅप्लिन दारूबाज नवरा आहे. बायको चिठ्ठी लिहून निघून जाते. तो आपल्याकडे पाठ करून उभा राहतो आणि त्याचे खांदे गदगदू लागतात. बिचारा हुंदके देतोय, असं आपल्याला वाटतं. मग तो वळतो: हातात कॉकटेलचं भांडं, तो ते हलवतोय. बस्स. कोणी पडत नाही, घसरत नाही. खांद्यांची एकच हालचाल, तिचे दोन अर्थ, आणि दुसरा अर्थ कधी उघडा करायचा याची अचूक वेळ. गंमत म्हणजे वळल्यावर चेहऱ्यावर दुःखाचा लवलेशही नसतो. असे तुकडे त्या व्हिडिओत कधी येत नाहीत. वीस सेकंदांत त्यांची पूर्वतयारीच मावत नाही ना!

आवाज नव्हता म्हणून हातवारे करावे लागले, हे तर ‘सिटी लाइट्स’समोर (१९३१) टिकतच नाही. तोवर बोलपट रुळले होते. चॅप्लिनने ठरवून संवाद टाळले, आणि कथेची मेख ठेवली आवाजावर. त्याचा भटक्या रहदारी चुकवायला उभ्या मोटारीच्या एका दारातून शिरून दुसऱ्या दारातून उतरतो. दार बंद झाल्याचा आवाज आंधळ्या फुलवालीला येतो, तिला वाटतं कोणी श्रीमंत आला. आपल्याला तो आवाज ऐकू येत नाही, तरी कळतो.

मूकपटांतली माणसं तुरुतुरु पळताना दिसतात, त्याचा दोष बराचसा चुकीच्या वेगाने दाखवलेल्या प्रतींचा. काही दृश्यं मात्र मुद्दामच कमी वेगाने चित्रित केली जात, म्हणजे पडद्यावर धांदल वाढते.

‘सेव्हन चान्सेस’मधली (१९२५) दगडांची शर्यत तेवढी बघा, पूर्ण बघा. प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळात उतारावरून पळणाऱ्या कीटनच्या मागे चुकून सुटलेल्या दोन-तीन दगडांना अनपेक्षित हशा आला, तेव्हा त्याने परत जाऊन ढिगाने दगड सोडले. तेही कागदाच्या लगद्याचे.