एक रुपयाचा ऋणानुबंध

दर महिन्याला खात्यातून पैसे जावेत, कशाचे ते कळू नये, आणि कळलंच तर थांबवता येऊ नये, अशी तुमची मनापासून इच्छा असेल तर हे मार्गदर्शन तुमच्यासाठीच. अनुभव घरचा आहे, त्यामुळे खात्रीने सांगतो.

सुरुवातीला घरात एक ज्येष्ठ नागरिक हवा. आमच्याकडे आई आहे. वय चौऱ्याहत्तर, मुक्काम सदाशिव पेठ, मंडईत दोन रुपयांवरून मेथीची जुडी परत ठेवणारी. अशा बाईला समोरासमोर कुणी फसवू शकत नाही, त्याला फोनच लागतो. यंदा पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या आणि गुडघ्यांमुळे तिला भवानी पेठेत दर्शनाला जाता आलं नाही. निदान घरी बसून अभंग ऐकू म्हणून तिने एक जाहिरात दाबली. ‘फक्त १ रुपयात सात दिवस भक्तिरस!’ एक रुपया तर हल्ली दानपेटीत टाकायलाही लाज वाटते. तिने पिन टाकला.

पिन टाकताना चष्मा लावू नका. १ हा आकडा भोपळ्याएवढा असतो, तो तसाही दिसतो. ‘त्यानंतर दरमहा ४९९’ हे मोहरीएवढं असतं, ते दिसून उगाच मन:स्ताप होतो.

मेसेज वाचू नका. पैसे कापण्याआधी चोवीस तास कळवायचं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि तो मेसेज येतोही. कर्जाच्या अकरा ऑफर आणि बाणेरच्या टू बीएचकेच्या मधे कुठेतरी पडलेला असतो बिचारा. शिवाय एकदा संमती दिलीत की १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला पुन्हा ना पिन ना ओटीपी. सोय म्हणतात ती हीच.

पासबुक भरून आणू नका. आईचं इथे चुकलं. गणपतीच्या आधी ती बँकेत गेली, मशीनमधून पासबुक भरून घेतलं आणि परतताना रिक्षात बसून वाचलं. १, ४९९, ४९९. म्हणजे नऊशे नव्याण्णव. नावाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची आगगाडी. तिथूनच तिचा फोन आला, “अरे, हे कोण माझे पाव्हणे?”

आता रद्द कसं करायचं ते सांगतो. अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं की सुटलो, असं समजा. कृपया असंच समजत राहा, कारण अ‍ॅप जातं आणि ऑटोपे, म्हणजे दरमहा आपोआप पैसे कापायला दिलेली संमती, तशीच राहते. पण तुम्हाला हौसच असेल तर ‘सेटिंग’मध्ये जा. तिथे नाही. ‘माझं खातं’, तिथेही नाही. ‘मदत’, त्यात ‘नेहमीचे प्रश्न’, त्यात सगळ्यात खाली ‘इतर’, आणि त्यात राखाडीवर राखाडी अक्षरांत ‘सदस्यत्व’. दाबलं की विझत चाललेल्या समईचं चित्र. ‘खरंच जाताय?’ खाली ठळक भगवं बटण, ‘मी थांबतो’, आणि त्याखाली बारीक ओळ, ‘नाही, मला मन:शांती नको’. मी नको म्हटलं. त्या घटकेला ते खरंही होतं. मग ‘का जाताय?’ म्हणून सात कारणं. ‘आईला कळलं नव्हतं’ हे त्यांत नाही. मग अर्ध्या किमतीचा आग्रह. तोही झिडकारला. आणि शेवटी प्रश्न: ‘सदस्यत्व रद्द करायचे?’ खाली दोन बटणं, ‘रद्द’ आणि ‘पुढे’.

आता मला सांगा, मराठी माणूस काय दाबेल? मी ‘रद्द’ दाबलं. पडदा गेला आणि अभंग सुरू झाला. नेटवर्कचा घोळ असेल म्हणून पुन्हा सगळं केलं. पुन्हा अभंग. तिसऱ्यांदा डोक्यात प्रकाश पडला की ‘रद्द’ म्हणजे रद्द करणं रद्द! चौथ्यांदा ‘पुढे’ दाबलं, तर ‘आमचे प्रतिनिधी आपल्याशी संपर्क साधतील’. प्रतिनिधी म्हणजे चॅटमधलं यंत्र. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपला प्रश्न सुटला का?’ मी लिहिलं, नाही. ‘छान! आम्हाला पाच तारे द्या.’

आई दुधाच्या पिशवीत चिठ्ठी टाकते, ‘सोमवार-मंगळवार दूध नको’. सोमवारी दूध येत नाही. संपलं. खरंच नको का, म्हैस रडतेय, असं त्या दूधवाल्याने आजवर विचारलेलं नाही. आणि आमचे पेठेतले दुकानदार, ज्यांच्या तुसडेपणाचे विनोद तुम्ही एकमेकांना पाठवता, ते ‘नाही’ तोंडावर सांगतात आणि पैसे घेण्याआधी सांगतात!

शेवटी ते बंद झालं यूपीआयच्या अ‍ॅपमधून. प्रोफाइल, ऑटोपे, यादीतलं नाव, रद्द, पिन. अर्धं मिनिट. यादीत आणखी एक निघालं, रोजच्या राशिभविष्याचं. दरमहा ९९ जाणार हे भविष्य तेवढं सांगितलं नव्हतं.

तक्रार तर मुळीच करू नका. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर विसरून जा. या चाळ्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला त्यांचे १३ प्रकार नावानिशी सांगून मनाई केली आहे, तेही विसरा. ‘मन:शांती नको’वाली ओळ त्या यादीत आहे. आत जाताना एक दार, बाहेर पडताना चक्रव्यूह, हेही आहे.

पुरे झाला उपरोध. हे चुकून होत नाही हो. कुठल्यातरी ऑफिसात मीटिंग झाली असणार, ‘हे बटण राखाडी करा, कमी लोक जातील’ असं कुणीतरी म्हटलं असणार आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या असणार. त्यांच्याही घरी आया असतील, गुडघे दुखणाऱ्या, चष्मा शोधणाऱ्या. विठ्ठलाच्या नावावर म्हाताऱ्या माणसांचे खिसे कापता, वर समई विझवून दाखवता? लाजा वाटत नाहीत? आणि आपणही कमी नाही. आईच्या हातात फोन दिला, व्हिडिओ कॉल कसा करायचा ते शिकवलं, आणि ऑटोपेची यादी एकदाही उघडून बघितली नाही. मीही नाही.

१९१५ ला तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. काल आईच्या फोनवर मेसेज आला, ‘आम्हाला तुमची आठवण येते.’

आई म्हणाली, “आधी नऊशे नव्याण्णव पाठव म्हणावं. मग काढ आठवण.”