कावीळ दिसली म्हणून अँटिबायोटिक थांबवू नका

जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरणारा एक संदेश सांगतो की, जंतुसंसर्गासाठी भरती केलेला रुग्ण पिवळा पडला तर अँटिबायोटिकच्या सुयांनीच त्याचे लिव्हर खराब केले असे समजावे, सुया बंद करून त्याला घरी आणावे, कावीळ उतरवून घ्यावी आणि प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा पाजावा. यातली प्रत्येक सूचना जीवावर बेतू शकते.

पहिला दावा औषधांवरच्या ठपक्याचा. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येते आणि त्यातले जंतू टिपण्यासाठी यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत कुफर पेशी बसलेल्या असतात. जंतूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिन टीएलआर-४ या ग्राहकाने ओळखले की त्या टीएनएफ, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ हे संदेशवाहक सोडतात. इंटरल्युकिन-६ मिळताच यकृतपेशी आपले नेहमीचे काम बदलतात. सीआरपी या दाह दाखवणाऱ्या प्रथिनाचे उत्पादन वाढते, अल्ब्युमिन या रक्तातील नेहमीच्या प्रथिनाचे घटते. याच संदेशांमुळे बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य आणि पित्ताम्ले पित्तनलिकेत ढकलणारी वाहक प्रथिने कमी होतात, पित्त साचते आणि डोळे पिवळे होतात. म्हणजे पेशी फारशा मेलेल्या नसतानाही कावीळ दिसू शकते, आणि म्हणूनच अशा रुग्णांत डायरेक्ट बिलिरुबिन (यकृताने प्रक्रिया केलेले, पित्तात जाणारे बिलिरुबिन) चढलेले असूनही एसजीपीटी (यकृतपेशींना इजा झाल्यावर रक्तात वाढणारे एन्झाइम) अनेकदा थोडेच वाढलेले आढळते. सेप्सिसची, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या स्थितीची, तीव्रता मोजणाऱ्या सोफा गुणांकनात बिलिरुबिनचा समावेश आहे तो याचसाठी. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलनेटसारखी काही औषधे यकृताला इजा करतात हे खरे आहे, पण तशी शंका आल्यास डॉक्टर औषध बदलतात, उपचार सोडत नाहीत.

सुया बंद केल्या तर जंतू वाढत राहतात आणि कुफर पेशींना चेतवणारे कारण तसेच उरते. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे सेप्सिसमुळे रक्तदाब धोकादायकरीत्या घसरल्यास, पहिल्या तासाभरातच अँटिबायोटिक द्यावे, असे २०२१ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. कावीळ उतरवण्यावरचा विश्वास बहुधा हिपॅटायटिस ‘ए’मुळे टिकला आहे, कारण ती कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. सेप्सिस तेवढी सवड देत नाही.

राहिला काढा. गंभीर संसर्गात प्रतिकारशक्ती नुसती कमी पडलेली नसते. एकीकडे दाह भडकलेला असतो आणि त्याच वेळी इंटरल्युकिन-१०सारखे दाहशामक संदेश वाढून अनेक प्रतिकारपेशी थंडावतात. १९९०च्या दशकात टीएनएफ रोखणारी प्रतिपिंडे वापरूनही मृत्यू कमी करण्यात ठोस यश आले नाही, इतके हे जाळे गुंतागुंतीचे आहे. शिवाय गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृतदाह झाल्याची नोंद मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला असला, तरी आधीच ताणलेल्या यकृतावर असा प्रयोग करण्याचे धाडस कोणी करू नये.

चोपड्याचे असोत की शहाद्याचे, नातेवाइकांनी डॉक्टरांना हे जरूर विचारावे: संसर्गाचे मूळ सापडले का, कुठे पू साचला आहे का, पित्तनलिकेत अडथळा नाही ना याची सोनोग्राफी झाली का, लघवी किती होते आहे, आणि चालू औषधांपैकी एखादे बदलण्याची गरज आहे का.