पाणी थांबवा म्हणे! 'मुलग्यांच्या आयांनो' या मेसेजला उत्तर

सुट्ट्या लागल्यापासून एक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय : 'मुलग्यांच्या आयांनो, उन्हाळा सांभाळा!' खाली सात मुद्दे, जागोजागी लाल उद्गारचिन्हं आणि शेवटी 'एका मोठ्या डॉक्टरांचा सल्ला'. डॉक्टरांना नाव नाही, गाव नाही. एरवी मी असलं काही वाचतही नाही. पण परवा आमचा धाकटा अंगणातून लालबुंद होऊन आला, माठाकडे धावला आणि सासूबाईंनी त्याच्या हातातला पेला काढून घेतला. "अर्धा तास थांब राजा. मामींनी पाठवलंय, उन्हातून आल्या आल्या पाणी पिलं की नसा फुटतात."

अकोल्याचा मे महिना, बाहेर पारा ४४ वर, आणि पाच वर्षांच्या पोरानं पाण्यासाठी अर्धा तास ताटकळायचं! मामी, राग मानू नका, पण आता बोलणं भाग आहे.

आधी हाच मुद्दा. थंड पाण्यानं म्हणे बारीक रक्तवाहिन्या फुटतात. अहो, खेळता-धावताना ऊष्माघात झालेल्या माणसाला डॉक्टर बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवून ठेवतात. तोच त्याच्यावरचा उपचार असतो. गारव्यानं नसा फुटत असत्या तर तो माणूस वाचलाच नसता. आणि माठातल्या पाण्याचा गारवा तो केवढा, पोटात पोचेपर्यंत निम्मा उतरलेला असतो. फ्रीजमधलं बर्फगार पाणी घटाघट ढोसलं तर कपाळात कळ जाते, पोटात गोळा येतो, एवढं कबूल. मग घोट घोट प्यायला सांगा, पेला कशाला काढून घेता?

लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर तापतं आणि घाम त्या मानानं कमी येतो. त्यात खेळाच्या नादात तहान लागल्याचं भानच नसतं. ते स्वतःहून पाणी मागतंय म्हणजे आपल्यालाच आधी सुचायला हवं होतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या उष्णतेच्या लाटेसाठीच्या सूचना सोप्या आहेत : तहान नसली तरी पाणी पीत राहा, ओआरएस, लस्सी, भाताची पेज, लिंबूपाणी, ताक घ्या. 'अर्धा तास थांबा' असं त्यात कुठेही नाही.

दुसरा मुद्दा माझ्या जास्तच डोक्यात गेला : 'साखर, सरबत, आमरस बंद करा, साखरेनं मुलगे पिसाळतात.' यावर १९९४ साली हूवर आणि मिलिच या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक झकास प्रयोग केला. ५ ते ७ वर्षांचे ३५ मुलगे आणि त्यांच्या आया. 'साखर खाल्ली की आमचं पोर आवरत नाही' असं सांगणाऱ्याच आया मुद्दाम निवडलेल्या. दिलेलं पेय एकूणएक मुलाला बिनसाखरेचं, कृत्रिम गोडी घातलेलं. पण काही आयांना सांगितलं, तुमच्या मुलाला भरपूर साखर दिलीय. मग मायलेकांना एकत्र खेळायला बसवून निरीक्षण केलं. ज्यांना 'साखर दिलीय' असं सांगितलं होतं, त्या आयांना आपला मुलगा जास्त चळवळ्या वाटला. एवढंच नाही, त्या त्याला चिकटून बसल्या, नजर हटवेनात, सारख्या बोलत आणि चुका काढत राहिल्या. साखरेचा कण पोटात नसताना! पुढच्याच वर्षी २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. साखरेनं मुलांच्या वागण्यात फरक पडत नाही, हाच त्याचाही निष्कर्ष.

मग पोरं पिसाळतात कशानं? आमच्याकडे सकाळी दहानंतर बाहेर पाय टाकवत नाही आणि संध्याकाळी सहापर्यंत दोन मुलगे एका कूलरसमोर. कूलरच्या जाळीला तोंड लावून 'आऽऽऽ' करायचं आणि आवाज कसा थरथरतो ते ऐकायचं, हा खेळ तासभर चालतो. मग जाळीपुढची जागा कोणाची यावरून मारामारी. बाकी महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात त्याही नंतर. एवढं सगळं असताना खापर वाटीभर रसावर?

साखरेनं दात किडतात, भूक मरते, हे खरंच. त्यासाठी हात आखडता घ्या, ना नाही. दुकानातल्या गोड पेयांच्या डब्यांवर 'ओआरएस' छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली, तेही बरंच झालं. पण खऱ्या ओआरएसमध्ये मिठाबरोबर ग्लुकोज असतंच, कारण त्याच्या जोडीनंच आतडं मीठ-पाणी चटकन शोषून घेतं. तेव्हा लिंबूपाण्यात मिठासोबत थोडी साखर घातली म्हणून आईनं अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही.

'आंब्यानं गळवं येतात' याला अर्धा गुण देते, तोही कुरकुरत. देठाच्या चिकानं ओठांभोवती पुरळ उठतं. आंबा हा बिब्ब्याच्या आणि काजूच्याच कुळातला, त्यामुळे तो गुण त्यात यायचाच. म्हणून आंबे पाण्यात टाकून, धुऊन, देठाकडचा चीक पिळून काढायची आपली पद्धत रास्त आहे. गळू मात्र जंतूंमुळे होतं. घाम, मळ, खाजवून फुटलेलं घामोळं, तिथून ते आत शिरतात. आंब्याचा मोसम आणि घामाचा मोसम एकच, म्हणून आळ आंब्यावर.

खिशात कांदा ठेवणे : भाकरीबरोबर खा, खिशाला वास कशाला. दुपारी १२ ते ३ घरात ठेवणे : बरोबर, पण हे सांगायला मोठे डॉक्टर कशाला हवेत! दिवसाचं तासातासाचं वेळापत्रक : लिहिणाऱ्यानं एक दुपार आमच्याकडे येऊन पाळून दाखवावं. 'मुलग्यांचं अंग मुळातच उष्ण' : माझ्या नणंदेच्या मुलीला भेटा.

आणि या सात मुद्द्यांत जे हवं होतं तेच नाही. उन्हात राहिलेलं मूल असंबद्ध बोलू लागलं, सुस्त पडलं, अंग भट्टीसारखं तापलं, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो ऊष्माघात असू शकतो. लगेच १०८ ला फोन करायचा. गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन कपडे सैल करायचे, अंगावर पाणी शिंपडत वारा घालायचा, मानेला, काखेत, जांघेत ओल्या गार घड्या ठेवायच्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. पाणी थांबवायचं असतं ते तेव्हा.