तोफखान्यातून घरी आलेल्यांचे कान

देवळालीच्या तोफांचं नाशिकला भारी कौतुक. असायलाच हवं. पण त्या तोफांजवळ उमेदीची वर्षं काढलेल्यांच्या कानांचा हिशेब कोणाकडे आहे?

माझे काका तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आता सिन्नर तालुक्यात शेती करतात. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, म्हणून मध्यंतरी डॉक्टरांकडे नेलं. केसपेपरवर व्यवसाय लिहिला ‘शेती’ आणि कारण ‘वयोमान’. तोफखान्याचं कोणी विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही. फौजी माणूस दुखणं सांगतो कुठे! म्हणजे उद्या कोणी माजी सैनिकांमधल्या बहिरेपणाचं प्रमाण काढलं, तर काका त्यात नसतीलच.

निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्ड होतं, पण ते त्या वेळची तब्येत नोंदवतं. बरेच जवान चाळिशीच्या आसपास घरी येतात. बीपी, गुडघे, उडालेली झोप नंतर डोकं वर काढतात. २००३ पासून ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांसाठीची सरकारी आरोग्य योजना, आहे आणि तिचा मोठा आधार आहे. पण गावातला माणूस बीपीच्या गोळीसाठी शहर गाठत नाही, जवळच्या डॉक्टरकडे जातो. शिवाय उपचाराच्या नोंदीवरून कोण आलं ते कळतं, घरी कोण सोसतंय ते नाही.

त्यात भरतीलाच धडधाकट पोरं निवडलेली. इतरांशी तुलना केली की माजी सैनिक ठणठणीतच दिसणार. तुलना करायची तर त्याच वयाच्या, पण तोफेपासून लांब राहिलेल्या फौजीशी करा.

व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’ या विषारी तणनाशकाशी संपर्क आलेल्या माजी सैनिकांसाठी तिथे १९७८ पासून नोंदवही आहे, पण तीत स्वतःहून आलेल्यांचीच नोंद. त्यावरून प्रमाण कसं काढणार? मुळात एकूण माजी सैनिक किती, हे पक्कं हवं. इंग्लंड आणि वेल्सने २०२१ च्या जनगणनेत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला, तेव्हा सुमारे साडेअठरा लाख निघाले.

आपल्याकडे पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतोच. त्याच वेळी, ज्याची तयारी असेल त्याचं बीपी, शुगर आणि कान तपासा, सोबत फौजेतलं काम नोंदवा. मात्र ही नोंद पेन्शनच्या निर्णयापासून पूर्ण वेगळी ठेवा, नाहीतर भीतीपोटी कोणी खरं सांगणार नाही. बिनपेन्शनवाल्यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने गावोगाव शिबिरं घ्यावीत.

तोवर एवढं करा. घरात कोणी माजी सैनिक असेल, तर डॉक्टरांना त्यांचं फौजेतलं काम सांगा, ते केसपेपरवर लिहून घ्या आणि फौजेतल्या नोकरीची नोंद असलेल्या डिस्चार्ज बुकची झेरॉक्स फाईलला लावा.