साठच्या पुढची थरथर

माझ्या लाल मियाटा गाडीला साठपर्यंत काहीही होत नसे. साठ म्हणजे ताशी मैल. साठ गाठले की आधी आरसा थरथरायचा, मग सीट, मग खिशातली नाणी आणि पासष्टला बायकोचा आवाज. "अ-अ-अरे, थां-थांबव ना!" असं ती त्या थरथरीत म्हणाली तेव्हा मला हसू आलं. पुढचे चार दिवस डब्यात उपमा होता.

ही गाडी घेण्याची घरात मी तीन वेगवेगळी कारणं सांगितली होती. खरं कारण एवढंच की छप्पर उघडणारी गाडी घ्यायची तर डोक्यावर उडण्याजोगं काही शिल्लक असतानाच घ्यावी. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी लोकांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी सोलापुरात भाड्याच्या सायकलवर हाफ पॅडल मारत होतो. माझी मियाटा १९९४ ची. दोन माणसं आणि एक गॅलन दूध एवढीच तिची ऐपत. तीस वर्षं चाललेल्या गाडीचा क्लच गेला, त्यात तिचा काही दोष नाही. क्लच बदलायचा गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी ते काम न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या ड्राइव्हवेवर स्वतःच करायला घेतलं, हा दोष मात्र माझा.

क्लचपर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि त्याआधी प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर मागे चाकांकडे नेणारा लांब दांडा, काढावा लागतो. मागे डिफरन्शियलपाशी, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीपाशी, चार बोल्ट, पुढचं टोक गिअरबॉक्सच्या शेपटीत नुसतं सरकवलेलं. व्हिडिओतला माणूस शाफ्ट ओढण्याआधी बराच वेळ काहीतरी बोलत होता. तो भाग मी पुढे ढकलला. शाफ्ट ओढला आणि शेपटीतून गिअर ऑइल माझ्या बाहीत उतरलं. ह्या तेलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि तो तीन आंघोळींना दाद देत नाही. मी हाताला लागेल ते भांडं खाली धरलं. ते निघालं बायकोचं पातेलं, काठावर 'विवाहानिमित्त सप्रेम भेट, आत्या' असं कोरलेलं. ड्राइव्हवेवर सांडलेलं तेल शोषायला मांजराची माती आणली. आमच्याकडे मांजर नाही. तेव्हापासून शेजारीण बायकोला मांजराचं नाव विचारते आहे.

क्लच बदलून सगळं परत जोडलं आणि साठच्या पुढची ती थरथर सुरू झाली. त्याच सुमारास सासरे सहा महिन्यांसाठी आले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस. अमेरिकेत त्यांना आठ दिवसांत करमेनासं झालं होतं, तेवढ्यात जावई गाडीखाली सापडला. खुर्ची, चहा आणि कानटोपी घेऊन ते ड्राइव्हवेवर येऊन बसले. मी गाडीखाली शिरायच्या आधी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) चढवलेली गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघायचे. मग पहिलाच प्रश्न.

"जावईबापू, शाफ्ट काढताना खूण केली होती का?"

शाफ्टचा फ्लँज, म्हणजे टोकाची बोल्ट लावायची चकती, आणि डिफरन्शियलचा फ्लँज, दोन्हींवर मिळून रंगाची एक रेघ. म्हणजे निघाला तसाच परत बसतो. व्हिडिओतला माणूस हेच सांगत असणार.

"हो, केली होती की," मी म्हणालो.

इथून तीन शनिवार गेले.

आधी चाकं बॅलन्स करून आणली. पैसे गेले, थरथर राहिली. मग सासऱ्यांच्या सांगण्यावरून पासष्टला क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली. तरी थरथर तशीच. म्हणजे इंजिन सुटलं, मी बसवलेला क्लचही सुटला, आणि संशय पुन्हा शाफ्टवर आला. चाकाच्या एका फेऱ्यात ह्या गाडीचा शाफ्ट चार फेरे मारतो. साठच्या वेगाला मिनिटाला साडेतीन हजारांच्या वर. तिथे चिमूटभर वजन इकडचं तिकडे झालं तरी ते थेट सीटमधून कळवतं.

दुसऱ्या शनिवारी कोनांकडे वळलो. ह्या गाडीत गिअरबॉक्सच्या शेपटीला खालून आडवा आधारच नाही. गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत अ‍ॅल्युमिनियमची एक लांब तुळई आहे, शेपूट तिच्यावर तोललेली. तुळई सोडली की शेपूट लोंबते. परत आवळताना ती जॅकने नेमक्या उंचीवर उचलून धरायची असते. मी ती 'साधारण' उंचीवर धरली होती. युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा वाकणारा सांधा, कोनात फिरला की शाफ्ट दर फेऱ्याला दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. पुढच्या जॉइंटने केलेला हा घोळ मागच्याने निस्तरायचा, पण त्यासाठी दोघांचे कोन सारखे हवेत. हे मी इंटरनेटवर आकृत्यांसकट तासभर वाचलं. सासरे म्हणाले, "दोन भाऊ वाकडे असले तरी चालतात. सारखेच वाकडे पाहिजेत."

शेपूट मोजूनमापून उचलली. आता थरथर त्रेसष्टला सुरू होऊ लागली. तीन मैलांची प्रगती! मी खूश. सासऱ्यांनी फक्त कप खाली ठेवला.

तिसऱ्या शनिवारी पाण्याच्या पाइपाला आवळतात तसली क्लिप शाफ्टच्या मागच्या टोकाला आवळली. क्लिपचा स्क्रू जिकडे येईल तिकडे तेवढंच वजन. शाफ्टवर खडूने एक ते चार आकडे घातले, आणि दर वेळी स्क्रू पुढच्या आकड्यावर फिरवून २८७ हायवेवर एक फेरी. एकवर जरा बरं वाटलं. दोनवर काही फरक नाही. तीनवर डॅशबोर्डमधला कप्पा आपोआप उघडला आणि विम्याचे कागद माझ्या मांडीवर आले. चारची फेरी मारायचं धैर्य झालं नाही.

त्या रात्री जेवताना मी म्हणालो, "अण्णा, ती खूण... तशी केली नव्हती मी."

"ठाऊक आहे," ते भात कालवत म्हणाले. "खूण केलेला माणूस पहिल्या दिवशी हात धरून दाखवायला नेतो. तुम्ही तीन शनिवार खुणेचं नाव काढलं नाहीत."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलं होतं की. तुम्ही हो म्हणालात." मग लेकीकडे वळून, "ताक वाढ गं."

रविवारी सकाळी क्लिप काढली, चार बोल्ट सोडले, शाफ्ट अर्धा फेरा फिरवला, चार बोल्ट आवळले. पंचवीस मिनिटं. मी बाहेर आल्यावर सासरे म्हणाले, "सरका, मला एकदा बघू द्या," आणि खिशात काहीतरी घालून स्वतः खाली शिरले. गुडघे दुखतात म्हणून देवळात खुर्ची मागणारा माणूस दहा मिनिटं खाली होता. मधूनमधून खर्रखर्र आवाज येत होता. मला वाटलं, गंज खरवडतायत.

मग दोघं २८७ वर गेलो, छप्पर उघडं टाकून. साठ. बासष्ट. पासष्ट. आरसा गप्प, सीट गप्प. सासऱ्यांच्या कानटोपीचा गोंडा तेवढा हलत होता.

"एसटीत एवढं खाली बसत नाहीत," एवढंच ते बोलले. घरी मात्र लेकीला त्यांनी दोनदा सांगितलं की गाडी जावईबापूंनी केली.

ऑक्टोबरात ते परत गेले. त्यानंतरच्या शनिवारी तेल बदलायला मी गाडीखाली शिरलो आणि विजेरी मागे फिरवली. दोन्ही फ्लँजवरून खिळ्याने ओढलेली एकच सरळ, खोल रेघ. तिच्यालगत शाफ्टच्या नळीवर, पातेल्याच्या काठावर असतात तसली गोल, टपोरी अक्षरं: 'जावईबापूंस सप्रेम भेट'. खाली तारीख.