लाउंज फोटोत सुंदर आला, पण कानांचं काय?

गेल्या महिन्यात मी स्वतः डिझाइन केलेल्या एका लाउंजमध्ये तासभर बसले आणि डोकं भणभणायला लागलं.

मोठ्या रहिवासी इमारतीच्या तळमजल्यावरची ही सगळ्यांची सामाईक जागा. पॉलिश केलेली काँक्रीटची जमीन, एका बाजूला पूर्ण उंचीची काच, दोन कमानी, रिसेप्शनमागे फ्लूटेड (उभ्या खाचांचं) पॅनेल, पाइप दिसतील असं उघडं सीलिंग आणि बूक्लेच्या, म्हणजे कुरळ्या धाग्याच्या कापडाच्या, गुबगुबीत खुर्च्या. हॅण्डओव्हरच्या दिवशीचे फोटो आजही माझ्या पोर्टफोलिओत पहिल्या पानावर आहेत. त्या दिवशी तिथे फोटोग्राफर आणि मी, दोघंच होतो. आता पंधरा-वीस माणसं होती. मशीनची घरघर, कुणाचा व्हिडिओ कॉल, खुर्ची सरकवल्याची करकर, असं सगळं एकमेकांत मिसळून नुसतं घुमत होतं. कोपऱ्यात एक आजी मैत्रिणीशी बोलत बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी कानातलं यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं आणि पुढे मैत्रिणीच्या बोलण्यावर नुसती मान हलवत राहिल्या.

ते बघून मला फार वाईट वाटलं, आणि तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

सध्याचे ट्रेंड मला आवडत नाहीत असं अजिबात नाही. उलट गेल्या पाच-सहा वर्षांत आमच्या क्षेत्रात झालेले बरेच बदल माणसाच्या बाजूचे आहेत. २०२० नंतर लोक घरून काम करायला लागले आणि अपार्टमेंटच्या इमारतींमध्ये को-वर्किंगच्या जागा, फोन बूथ, पार्सल रूम आल्या. दुसरीकडे ऑफिसं घरासारखी व्हायला लागली. सोफे, दिवाणखान्यातले वाटावेत असे दिवे, लाकडाचे रंग. आमच्याकडे याला रेसिमर्शियल म्हणतात. थंडगार करड्या रंगाची सद्दी संपली, मातकट, उबदार रंग आले, याचा तर मला मनापासून आनंद आहे. अडचण एवढीच की यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट निवडताना आम्ही रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेलं खोलीचं हुबेहूब चित्र, बघून निवडतो. रेंडरला आवाज नसतो.

खोली घुमण्याचं गणित काही नवीन नाही. १८९५ मध्ये हार्वर्डमध्ये एक नवा व्याख्यान कक्ष बांधला होता. त्यात बोललेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राहायचा, त्यामुळे शिकवलेलं कुणाला कळायचं नाही. वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे ते काम आलं. तो रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या आणून त्या खोलीत मांडायचा, ऑर्गनचा एक सूर वाजवायचा आणि तो विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचा. सकाळच्या आत गाद्या परत जागेवर. त्यातून निघालेलं सूत्र आम्ही आजही वापरतो: खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त रेंगाळतो, आणि आवाज शोषणारं सामान जितकं जास्त तितका तो लवकर विरतो.

आता आजच्या लाउंजमधलं सामान बघा. आवाज शोषण्याचा शून्य ते एक असा जो आकडा कॅटलॉगमध्ये एनआरसी म्हणून छापलेला असतो, तो काँक्रीट, काच आणि दगड यांच्या बाबतीत शून्याच्या जवळ असतो. चांगल्या अकूस्टिक सीलिंगचा ०.८ किंवा ०.९. म्हणजे सीलिंग उघडं ठेवायचं ठरवलं की आवाज शोषायची सर्वांत मोठी आणि सोपी जागा आपण आपल्या हातानं सोडून दिली. फ्लूटेड पॅनेलने आवाज कमी होतो असा समज मी क्लायंटकडून दर दुसऱ्या मीटिंगला ऐकते. भरीव एमडीएफच्या पट्ट्यांनी काही शोषलं जात नाही. पट्ट्यांमध्ये फटी हव्यात, मागे फेल्ट किंवा खनिज लोकर हवी. जुन्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून केलेल्या फेल्टच्या शीटची सध्या चलती आहे, चांगली वस्तू आहे. पण पातळ शीट भिंतीला थेट चिकटवली तर तिचा उपयोग बेताचाच. मागे थोडी पोकळी ठेवून बसवली किंवा छतातून लटकवली, तर तीच शीट कितीतरी जास्त काम करते. हा फरक फोटोत दिसत नाही, म्हणून बजेट कापताना पहिली कात्री इथेच लागते.

ऑफिसचंही तेच. भिंती पाडा म्हणजे लोक एकमेकांशी बोलतील, या भरवशावर कितीतरी ऑफिसं मोकळी केली गेली. २०१८ मध्ये हार्वर्डच्या इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन कंपन्यांमध्ये असा बदल होण्याआधी आणि झाल्यानंतर कर्मचाऱ्यांच्या गळ्यात सेन्सर घालून मोजलं. समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. मला याचं नवल वाटलं नाही. सगळ्यांना सगळं ऐकू जातंय म्हटल्यावर माणूस हेडफोन घालून गप्प बसतो. आता त्याच ऑफिसांमध्ये बंद फोन बूथ विकत आणून ठेवतात. तिथेही बूथमधली हवा किती वेळात बदलते हा प्रश्न कुणी विचारत नाही.

फ्लॅटमध्ये शिरल्यावर विषय पायाखाली जातो. भाड्याच्या घरांमधून कार्पेट गेलं आणि लाकडासारख्या दिसणाऱ्या विनाइलच्या पट्ट्या आल्या. पाणी चालतं, पुसायला सोपं, भाडेकरू बदलला की दुरुस्तीही पटकन होते. पण वरच्या घरात मूल धावलं की खालच्या घराला प्रत्येक पाऊल ऐकू येतं. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडमध्ये दोन घरांमधल्या भिंतीला एसटीसी (बोलण्यासारखा आवाज किती अडतो याचं माप) ५० आणि मधल्या मजल्याला आयआयसी (पावलांचा आवाज किती अडतो याचं माप) ५० असं किमान बंधन आहे. किमान म्हणजे किमानच, तेवढ्यात शांत झोप मिळेल असं नाही. पट्टीखालच्या थराची जाडी आणि दर्जा यावर मी हल्ली रंगापेक्षा जास्त वेळ भांडते.

आता हिरवाईबद्दल. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. बायोफिलिक डिझाइनचं, म्हणजे इमारतीत निसर्ग आणण्याचं, नाव निघालं की या अभ्यासाचा दाखला हमखास येतो, आणि पुढच्याच स्लाइडवर प्रिझर्व्ह्ड मॉसची भिंत असते. ते शेवाळ मेलेलं असतं, रसायनात मुरवून मऊ ठेवलेलं. शोभा म्हणून ठीक आहे. पण अभ्यास खिडकीचा होता. माझ्या एका प्रस्तावात खिडकीकडे सगळ्यांच्या पाठी होत्या आणि तोंडं मॉसच्या भिंतीकडे. सोफे फिरवायला एक पैसा लागला नाही.

बूक्लेबद्दल थोडक्यात सांगते. सामाईक जागेत, त्यातही जिथे कुत्री-मांजरी यायला परवानगी आहे तिथे, हे कापड लावू नका. कॅटलॉगमध्ये ३०,००० डबल रब्ज लिहिलेले असतात, ते घासून झिजण्याची चाचणी असते. नखात अडकून धागा ओढला जाण्याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

एका गोष्टीवर मात्र मला थांबायचंय, कारण ती आवाजाहून गंभीर आहे. शेकडो फ्लॅटच्या इमारतीत प्रत्येक किचनला पांढरा इंजिनिअर्ड क्वार्ट्जचा (क्वार्ट्जची पूड रेझिनमध्ये घट्ट करून केलेल्या कृत्रिम दगडाचा) ओटा ही आता ठरून गेलेली गोष्ट आहे. डाग पडत नाही, सगळे तुकडे एकसारखे मिळतात. पण नेहमीच्या क्वार्ट्जमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास स्फटिकी सिलिका असते. तो कोरडा कापला की बारीक धूळ उडते आणि कापणाऱ्याच्या फुप्फुसात जाऊन बसते. त्यातून होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, बरा होत नाही. तरुण कामगारांना तो होतोय हे दिसल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा इंजिनिअर्ड स्टोनवर बंदी घातली. ज्यांच्या देशात बंदी नाही त्यांनाही पर्याय आहेत: कमी सिलिकाचे स्लॅब, लॅमिनेट, स्टील, संगमरवर. यातल्या कुठल्याही स्लॅबची कटिंग पाण्याखाली आणि योग्य मास्क लावून होतेय का, हे साइटवर जाऊन बघणं डिझायनरचं काम आहे. सिंकसाठी भोक पाडताना पांढऱ्या धुळीने माखलेला माणूस मी पाहिलाय, तोंडाला फक्त रुमाल बांधलेला. स्पेसिफिकेशनवर सही माझी होती. त्यानंतर मी तो स्लॅब लिहिलेला नाही.

त्या लाउंजचं काम आता पुन्हा काढलंय. छतातून फेल्टचे पट्टे सोडणार आहोत, काचेच्या बाजूला जाड पडदा, खुर्च्यांच्या पायांना पॅड आणि कोपऱ्यात मागे उंच पाठ असलेली दोन आसनं. क्लायंटने विचारलं, दिसायला काय फरक पडेल? मी त्यांना खोलीच्या मधोमध उभं केलं आणि एक टाळी वाजवायला सांगितली. टाळीनंतरची किणकिण ऐकून ते काही क्षण छताकडेच बघत राहिले, मग म्हणाले, काम कधी सुरू करताय?