टॉर्क रेंचचा आकडा आणि कार्बोरेटरखालचा बोल्ट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुन्या पेट्रोल जीपचं (महिंद्राची सीजे-३बी, हरिकेन इंजिनाची) हेड, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टांनी कसलेलं वरचं झाकण, बसवण्याबद्दल मी जे लिहिलं होतं, त्यावर तुम्ही कळकळीने लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुमच्या वडिलांनी आयुष्यभर गॅरेज चालवलं, शेकडो हेडं टी-हँडलने हाताच्या अंदाजावर कसली आणि त्या गाड्या घाट चढत राहिल्या. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला ‘टक्’ करणारा पाना, हे पुस्तकी खूळ आहे. आट्यांना तेल लावलं तर बोल्ट ढिले होतात. गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधला सील) जातं ते ढिलाईमुळे, त्यामुळे थोडं जास्त कसलेलं बरं. आणि हेड पुन्हा कसण्यासाठी कार्बोरेटर उतरवायला सांगणं म्हणजे उगाच काम वाढवणं.

पहिल्या मुद्द्यात तुम्ही बरंच खरं बोलताय, म्हणून तिथूनच सुरू करतो. टॉर्क रेंच बोल्ट किती ताणला गेला हे मोजतच नाही. बोल्ट फिरवायला किती जोर लागला एवढंच तो सांगतो. त्या जोरातला साधारण निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखाली घासण्यात जातो, चाळीसेक टक्के आट्यांमध्ये जातो आणि जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणायला, म्हणजे हेड दाबून धरायला उरतो. आट्यांत गंज असेल, जुन्या गॅस्केटचा चुरा असेल, तर रेंच ६५ फूट-पाउंडला (हे त्या फिरवण्याच्या जोराचं एकक) ‘टक्’ करतो आणि हेडवर मात्र हवा तेवढा दाब आलेला नसतो. त्यामुळे ‘रेंच आणला की काम झालं’ असं जर माझ्या लेखातून कुणाला वाटलं असेल, तर तुमचा आक्षेप रास्त आहे.

पण तुमच्या वडिलांच्या हाताला जाणवत होता तोही हाच विरोध. गंजलेला आटा रेंचला फसवतो तसा हातालाही फसवतो. फरक एवढाच की आटे सगळीकडे सारखे साफ असतील तर रेंच प्रत्येक बोल्टला सारखाच न्याय देतो. हात तसा देत नाही. रेडिएटरकडचा बोल्ट उभं राहून ओढता येतो, फायरवॉलकडचा वाकून, कोपर अडवत ओढावा लागतो. शेवटच्या बोल्टापर्यंत हात दमलेला असतो. हेडला एखादा बोल्ट कमी-जास्त होणं सगळ्यांत जास्त बाधतं. सगळेच बोल्ट किंचित कमी असतील तर एक वेळ निभतं, पण शेजारशेजारच्या दोन बोल्टांत मोठा फरक असला की गॅस्केट नेमकं त्यांच्या मधूनच फुंकतं. जुने चांगले मिस्त्री बोल्ट रॉकेलमध्ये टाकून, वायर ब्रशने घासून, हाताने पूर्ण फिरतोय ना हे बघूनच लावायचे. तुमचे वडीलही बहुतेक तसंच करत असणार. त्यांच्या यशाचं श्रेय मी हाताच्या अंदाजापेक्षा त्या घासण्याला देईन.

म्हणूनच माझा सगळा जोर रेंचच्या आधीच्या कामावर आहे. ब्लॉकमधले आटे साफ करताना नवा कापायचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारू नका. तो लोखंड खातो, आणि या ब्लॉकमध्ये खायला फारसं शिल्लक नसतं. जुन्या चांगल्या बोल्टला उभ्या खाचा पाडून तोच आत-बाहेर फिरवा, मग भोकात हवा मारा. भोकाच्या तोंडाशी लोखंड वर ओढलं गेलं असेल तर तो उंचवटा काढून टाका, नाहीतर हेड त्याच्यावरच टेकतं. जुनं गॅस्केट खरवडताना ते ओलं करा आणि मास्क लावा. त्या काळच्या तांब्याच्या गॅस्केटच्या पोटात ॲस्बेस्टस असायचं.

आता तेलाचं. आट्यांना आणि बोल्टच्या डोक्याखाली इंजिन ऑइलचं नुसतं बोट फिरवायचं. त्याने बोल्ट उलटा फिरून ढिला होत नाही. नीट ताणलेल्या बोल्टला तो ताणच जागेवर धरून ठेवतो. ‘ढिला झाला’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा गॅस्केट बसलेलं असतं आणि बोल्टचा ताण तेवढा उतरलेला असतो. तुमच्या भीतीला एक खरी बाजू मात्र आहे: तेल ओतायचं नाही. बंद भोकात तेल साठलं तर बोल्ट खाली जाताना ते दाबलं जातं, त्याला जायला वाट नसते, आणि बिडाचा ब्लॉक तडकू शकतो. मॉलीसारखं (मॉलिब्डेनम घातलेलं) फार निसरडं ग्रीसही नको. त्याने घर्षण इतकं घटतं की त्याच आकड्याला बोल्ट गरजेपेक्षा बराच जास्त ताणला जातो. एखाद्या भोकाचं तोंड पाण्याच्या जॅकेटमध्ये (ब्लॉकमधल्या थंड करणाऱ्या पाण्याच्या पोकळीत) उघडत असेल तर त्या बोल्टला सीलंट लावा.

‘थोडं जास्त कसलेलं बरं’ याच्याशी मी अजिबात सहमत नाही. बोल्ट स्प्रिंगसारखा वागतो, पण एका मर्यादेपर्यंतच. ती ओलांडली की तो कायमचा लांब होतो आणि आणखी कसूनही पकड फारशी वाढत नाही. शिवाय हेडच्या बोल्टांच्या ओढीने सिलिंडरची भोकं किंचित वाकडी होतात. काळजी घेणारे इंजिनवाले होनिंग करताना (सिलिंडर आतून घासून नेमका गोल करताना) ब्लॉकवर जाड प्लेट कसून घेतात ते याचसाठी. या इंजिनात तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट ब्लॉकमध्येच आहेत, म्हणजे ब्लॉक ओढला गेला तर त्यांनाही सोसावं लागतं. आणि आपल्याकडे असंख्य पेट्रोल जीपांत नंतर डिझेल इंजिनं बसवली गेली. शाबूत आट्यांचा मूळ पेट्रोल ब्लॉक आता सहज मिळत नाही. पाइप लावून कसताना एक आटा गेला तर नुकसान एका बोल्टापुरतं राहत नाही, म्हणून मी इतकं निक्षून लिहितो.

कार्बोरेटरचं. विलिस या अमेरिकी कंपनीने १९५३ साली सीजे-३बी आणली तेव्हा तिचं बॉनेट उंच करावं लागलं, कारण आतलं २१९९ सीसीचं हरिकेन इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं. आधी सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते. हरिकेनमध्ये इनटेकचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले आणि इनटेकचा मार्गही हेडमध्येच ओतला गेला. महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली ती हीच जीप. या हेडचा एक बोल्ट त्या मार्गाच्या आत, थेट कार्बोरेटरच्या खाली आहे. कार्बोरेटर उतरवल्याशिवाय तो दिसत नाही आणि त्यावर सॉकेटही बसवता येत नाही. बाहेरचे सगळे बोल्ट पुन्हा कसून हा एक सोडला, तर हेडच्या ऐन मधोमध पकड कमी राहते. दोन नट सोडायचा कंटाळा इथे परवडत नाही.

आकडा ६० ते ७० फूट-पाउंड. रेंचवर एकक आधी बघा: किलोग्रॅम-मीटरमध्ये हे सुमारे ८.३ ते ९.७ होतं, न्यूटन-मीटरमध्ये ८१ ते ९५. न्यूटन-मीटरच्या रेंचवर ६५ लावले तर बोल्ट पाव हिश्शाने कमीच कसला जातो. मधून सुरू करून बाहेर जायचं. आधी ३०, मग ५०, मग ६५. ओढ संथ आणि सलग हवी. बोल्ट न हलता रेंच ‘टक्’ झाला तर त्याने काहीच सांगितलेलं नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत की पुन्हा कधी कसायचं. इंजिन एकदा पूर्ण तापून पूर्ण थंड झालं की, आणि मग पाचशेक किलोमीटरनंतर. एकेक बोल्ट पाव फेरा सोडून एकाच ओढीत आकड्यावर आणा, कारण थांबलेला बोल्ट हलवायलाच जास्त जोर लागतो. (तुमच्याकडे जुनी फियाटही आहे असं लिहिलंत. तिचं हेड ॲल्युमिनियमचं, ते तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. त्यामुळे ती कधीच गरम असताना कसू नका.) जीपचं हेड कसून झालं की टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट, तपासा. हेड खाली बसल्याने इनटेकच्या पुशरॉडकडची (ब्लॉकमधून वर येऊन व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याकडची) फट कमी होते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो. थंड इंजिनावर इनटेकला ०.०१८ इंच ठेवा. एक्झॉस्टला ०.०१६ इंच लागते, पण ते व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्याने हेड कसल्यामुळे त्यांची फट बदलत नाही.